आईंनी नावेत बसायला नाही म्हटलं!

आम्हा नागपूरकरांना पाणी म्हटलं की आठवतो तो फुटाळा, अंबाझरी, फार तर रामटेकजवळचं खिंडसी. समुद्र बघायचा तर अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत लेकीने ‘या वेळी बोटीत बसायचंच’ असा हट्ट धरला, तेव्हा मी पटकन म्हटलं, अंभोरा! एका दिवसात जाऊन येऊ, आणि आईंचं माहेरही होईल.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर वैनगंगेच्या पलीकडच्या काठावरचं, भंडारा जिल्ह्यातलं. अलीकडच्या काठावर कुही तालुक्यातलं अंभोरा. मी मनातल्या मनात सगळं ठरवूनही टाकलं होतं. आई नवरी होऊन ज्या नदीतून आल्या, त्याच नदीतून नातवंडांसोबत नावेने माहेरी जातील. किती छान!

कुही, मांढळ, वेलतूर करत सकाळी पोचलो. दोन-अडीच हजार वस्तीचंही नसेल असं हे गाव, पण पाहुण्यांची सवय असलेलं. गाडीतून पाय खाली टाकतो न टाकतो तोच एका टपरीवरच्या ताईंनी हाक मारली, “या ना जी, पह्यले चहा घ्या, मंग देवाले जा.” तिथेच चपला काढल्या, पिशव्या ठेवल्या. कोणी पैसे विचारले नाहीत की पावती दिली नाही. परत येताना झिंगे कोणाकडे खायचे, हे अर्थात तिथेच ठरून गेलं!

टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी अशा पाच नद्या इथे एकत्र येतात. बी.ए.ला असताना मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधू’ शके 1110 चा, म्हणजे इसवी सन 1188 चा, मराठीतला आद्य ग्रंथ, असं पाठ करून पेपरात लिहिलं होतं. तो इथे लिहिला गेला असं आमच्याकडे मानतात. अंबेजोगाईकर तो मान आपल्याकडे ओढतात. ओढू देत. टेकडीवरून ते चहूकडे पसरलेलं पाणी बघितलं की मला तरी आमचंच खरं वाटतं.

हे एवढं पाणी पूर्वी नव्हतं. खाली गोसीखुर्दला धरण झालं, त्याचा हा फुगवटा. राजीव गांधींनी 1988 मध्ये त्याचं भूमिपूजन केलं तेव्हा खर्चाचा अंदाज होता 372 कोटी. पुढे तो किती पटींनी वाढला ते वर्तमानपत्रांतून आपण वाचतोच. धरणात कितीतरी गावं उठली. बचतगटांच्या कामामुळे या भागातल्या बायकांशी माझी ओळख आहे. मोबदल्याचे चेक बहुतेक घरी पुरुषांच्या नावे आले. काही घरी त्याची मोटरसायकल झाली, काही घरी दारू. ज्या बायकांनी हिमतीने तव्यावर मासे तळायला सुरुवात केली, त्यांची घरं आज उभी आहेत. चहावाल्या ताई त्यांतल्याच.

दर्शन करून घाटावर उतरलो. नावाडीभाऊंनी मोटर लावलेली नाव पुढे आणली, लाइफ जॅकेट दिली. मुलं टुणकन चढली, नणंदबाई बसल्या. मी आईंचा हात धरला, तर त्या मागे सरकल्या.

“मी नाही बसत वो. तुम्ही जा.”

मला वाटलं, वयामुळे घाबरतात. “अहो आई, जॅकेट आहे, मी आहे…”

“मले भेव नाही लागत,” त्या म्हणाल्या. “मी पुष्कळ बसली डोंग्यात. आता पूल हाय ना? मी पुलानं जातो.”

मग घाटाच्या पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण हे मी पहिल्यांदा ऐकत होते. पावसाळ्याचे चार महिने त्यांचं माहेर बंद असायचं. राखीला भाऊ पलीकडे आणि बहीण अलीकडे. एका श्रावणात त्यांच्या थोरल्या वहिनी अडल्या. सुईणीने हात टेकले. दवाखाना अलीकडे, नदीला पूर. डोंगा घालायला कोणी तयार होईना. सकाळी पाणी थोडं उतरलं, पण तोवर वहिनी राहिल्या नव्हत्या. आईंना निरोप मिळाला तो पाचव्या दिवशी.

लेकीने मोबाइलचा कॅमेरा हळूच बंद केला. मला तर माझ्या त्या ‘किती छान’ची लाजच वाटली. 2024 च्या जानेवारीत याच वैनगंगेत, गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात, मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव उलटली होती आणि सहा जणी गेल्या होत्या. ती बातमी मी वाचली होती, हळहळलेही होते. पण सहलीचा बेत करताना ती आठवली नाही. आपल्यासाठी नाव म्हणजे मजा. त्यांच्यासाठी ती रोजीचा रस्ता होती.

अंभोऱ्याचा पूल नेमका त्याच महिन्यात, जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला. तारांनी पेललेला, सुमारे 700 मीटरचा. ‘हे’ आईंना गाडीत घेऊन तिकडून निघाले आणि आम्ही इकडून नावेने.

मी नावाडीभाऊंना विचारलं, “पुलाने तुमचा धंदा बसला असेल ना?”

“बसला ना जी,” ते हसून म्हणाले. “पह्यले रोजचे लोक राहत. आता रविवारी तुमच्यासारखे पाहुणे. बाकी दिवस मासोळी.” थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, “पण पोरगी भंडाऱ्याले कॉलेजात जाते आता. पह्यले पाठवलीच नसती.”

नदीच्या मध्यावर आलो तेव्हा मुलगा ओरडला, “आजी!” वर पुलाच्या कठड्याशी आई उभ्या होत्या. गाडी थांबवायला लावली होती त्यांनी. पदर वाऱ्याने उडत होता आणि त्या दोन्ही हात हलवत होत्या.

पलीकडे मामीजींकडे जेवलो. जुनं गाव पाण्यात गेलं, हे पुनर्वसनातलं घर. शेत गेलं तरी तांदळाला नाही म्हणू दिलं नाही. मला ओटीत एक पायली आणि आईंना वेगळे. आईंनी भिंतीवरच्या फोटोतल्या वहिनींना हात जोडले, कितीतरी वेळ.

झिंगे खायला अर्थातच पुन्हा अंभोऱ्यालाच आलो, सगळेच गाडीने. ताईंनी आईंना पाटावर बसवलं आणि काटे काढून ताटलीत वाढलं. तिखट असं की डोळ्यांतून पाणी!

निघताना अंधारलं होतं. आई गाडीत बसेनात, घाटाकडे बघत उभ्या.

“आजी, काय बघतेस?” लेकीने विचारलं.

“काही नाही वो. तो नावेवाला भाऊ काठाले लागला का, ते पाहून राह्यली.”