श्रोता : ग्राहक की प्रसारक?
('आर्क्टिक मंकीज'च्या निमित्ताने)

लेखक, प्रकाशक, वाचक अशी साखळी साहित्यव्यवहारात सामान्यतः गृहीत धरली जाते. तीत वाचक अखेरच्या टोकाला असतो. मौखिक परंपरेत मात्र आजचा ऐकणारा हाच उद्याचा सांगणारा असतो. मुद्रणाने व ध्वनिमुद्रणाने श्रोत्याची ही भूमिका क्षीण केली. इंटरनेटमुळे ती पुन्हा प्रस्थापित झाली काय, या प्रश्नाच्या विचारासाठी इंग्लंडमधील शेफील्ड येथील 'आर्क्टिक मंकीज' या रॉक बँडचे उदाहरण उद्बोधक आहे.

२००२ मध्ये स्थापन झालेल्या या बँडचा पहिला जाहीर कार्यक्रम जून २००३ मध्ये झाला. आपल्या गाण्यांच्या प्राथमिक मुद्रणांच्या सीडी हे तरुण कार्यक्रमस्थळी विनामूल्य वाटत. प्रती अपुऱ्या पडत. म्हणून श्रोत्यांनी ती गाणी संगणकावर उतरवून इंटरनेटद्वारे एकमेकांना पाठविली. 'मायस्पेस'वरील बँडचे पानही चाहत्यांनीच तयार केले होते. या मुद्रणांचा संग्रह 'बिनीथ द बोर्डवॉक' या नावाने ओळखला जाऊ लागला. हे नाव शेफील्डमधील 'बोर्डवॉक' या कार्यक्रमस्थळावरून पडले आणि तेही श्रोत्यांकडूनच. शीर्षक देणे हा कर्त्याचा अधिकार मानला जातो. येथे तो श्रोत्यांकडे गेला. अल्बम निघण्यापूर्वीच कार्यक्रमांतील श्रोते गाण्यांचे शब्द बरोबरीने गाऊ लागले होते.

तथापि हे मौखिकतेचे पुनरागमन नव्हे. मौखिक परंपरेत प्रत्येक निवेदक संहितेत भर घालतो, बदल करतो. त्यातून पाठभेद संभवतात. संगणकीय प्रत मुळाबरहुकूम असते. श्रोता प्रसारक झाला, सहकर्ता झाला नाही. पाठभेद निर्माण झाले ते बँडने हीच गाणी अल्बमसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित केली तेव्हा.

भाषेचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. अॅलेक्स टर्नरच्या या काळातील गायनात शेफील्डचे उच्चार कायम राहिले. 'मार्डी बम' या गीताच्या शीर्षकातील 'मार्डी' हा फुरंगटलेल्या व्यक्तीसाठी वापरला जाणारा बोलीतील शब्द आहे. पहिल्या अल्बमचे शीर्षक अॅलन सिलिटो यांच्या 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग' (१९५८) या नॉटिंगहॅमच्या कामगारजीवनावरील कादंबरीतून घेतलेले आहे. प्रसाराचे माध्यम जागतिक असूनही अभिव्यक्ती स्थानिकच राहिली. व्यापक श्रोतृवर्गासाठी बोलीचे प्रमाणीकरण अपरिहार्य असते, ही समजूत येथे डळमळते.

प्रकाशनसंस्थेची गरज संपली, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. जून २००५ मध्ये बँडने 'डोमिनो' या स्वतंत्र संस्थेशी करार केला. ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेले गीत ब्रिटिश क्रमवारीत प्रथम स्थानी पोहोचले. जानेवारी २००६ मधील अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये ३,६३,७३५ प्रती खपल्या. त्यातील अनेक गाणी आधीच विनामूल्य फिरत होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. मुक्त प्रसार आणि विक्री यांत विरोध असतोच असे नाही, एवढे यावरून म्हणता येते. सार्वत्रिक नियम मात्र एका उदाहरणावरून मांडता येणार नाही.

बदलला तो निवडीचा क्रम. पूर्वी प्रकाशक निवड करी व श्रोता ती स्वीकारी किंवा नाकारी. येथे श्रोत्यांनी आधी निवड केली आणि प्रकाशकाचा निर्णय तिच्यामागून आला. अभिरुचीचा इतिहास केवळ प्रकाशित कृतींच्या आधारे लिहिणाऱ्या अभ्यासकाला प्रकाशनपूर्व प्रसाराची दखल घ्यावी लागेल. अन्यथा कृतीला घडविणाऱ्या वाचकाचीच त्या इतिहासात नोंद राहणार नाही.