हापूसचे बेक्वेरेल किती?

रत्नागिरीचा हापूस २००७पासून अमेरिकेला जाऊ लागला तो गॅमा किरणांचा मारा सोसून; कोयीतल्या भुंग्याचा बंदोबस्त म्हणून. मात्रा किमान ४०० ग्रे. जुन्या मापात ४०,००० रॅड: शंभराने गुणलं की झालं. मग याचे बेक्वेरेल किती? होतच नाहीत! वाऱ्यात कलमावरून सेकंदाला किती आंबे गळले, ती बेक्वेरेलची मोजणी. डोक्याला किती लागलं, तो ग्रे. बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा ऱ्हास. क्युरी हे जुनं माप एक ग्रॅम रेडियमवरून बेतलेलं, म्हणून आकडा अवजड: ३,७०० कोटी बेक्वेरेल. ही मापं किरण देणाऱ्या कोबाल्टची. आंबा त्यामुळे किरणोत्सारी होत नाही. तसे पोटॅशियमपायी किलोमागे पन्नासेक बेक्वेरेल त्यात असतातच, थेट झाडावरून उतरवलेल्या आंब्यातही.