'लून': शिवी की लेकरू?

आज आपण स्कॉट्स भाषेतला एकच शब्द घेऊया, 'लून'. जुन्या स्कॉट्स लिखाणात तो बऱ्याचदा लबाड, बदमाश माणसासाठी येतो. पण स्कॉटलंडच्या ईशान्येला, अ‍ॅबर्डीनच्या आसपास, 'लून' म्हणजे साधा मुलगा. मुलगी ती 'क्वाइन'. तिथे बाप 'माझा लून' म्हणाला तर ती शिवी नव्हे! शेतावर पडेल ते काम करणारा पोऱ्या, तो 'ऑरा लून'. आपलं 'कार्टं'ही असंच दोन्हीकडे झुकतं, पण ते सुरावर; इथे मुलखावर. फॉरफरच्या फुटबॉल संघाचं तर टोपणनावच 'लून्स'. १९७६ साली पूर्ण झालेला 'स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी' हा कोश म्हणूनच अर्थाबरोबर प्रदेशही नोंदवतो. तो वगळून आपण नुसता अर्थ उचलला, तर अ‍ॅबर्डीनकडच्या आईने लेकाबद्दल लिहिलेलं मायेचं पत्र तक्रारीचं वाटेल.