जत्रेची सुपारी आणि फडाची उचल



गाळप उतरणीला लागले, की गावोगाव जत्रांचे वेध लागतात. पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेच्या पुढेपर्यंत आपल्या कार्यक्षेत्रात कुठे ना कुठे पालखी, कुस्त्यांचे मैदान आणि रात्री तमाशा असतोच. आम्ही पडलो उसाची माणसे, तमाशावर काय लिहिणार, असे कोणी म्हणेल. पण तोडीच्या रानाला आपण फड म्हणतो आणि तमाशाच्या मंडळालाही फडच म्हणतो. दोन्ही फड चालतात उचलीवर. म्हणून हे चार शब्द.

मुकादम उचल घेऊन टोळी बांधतो, हे आपणांस ठाऊक आहे. फडमालकाचेही तसेच. दसऱ्याला फड बाहेर पडतो, त्याआधी ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचगाणे करणाऱ्या बाया, ड्रायव्हर, आचारी या सर्वांना उचल द्यावी लागते. हा पैसा बहुधा कर्जाऊ असतो. मोठे फड आधी तंबू ठोकून तिकिटावर खेळ करतात, पण खरी फेड होते ती चैत्र-वैशाखातील जत्रांच्या सुपाऱ्यांवर. त्यासाठी जुन्नर तालुक्यात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तिथे जाऊन खेळ ठरवतात.

२०२० साली पाडवा २५ मार्चला होता. नेमकी त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. २०२१ च्या जत्राही बंदच राहिल्या. दोन चैत्र हातचे गेले. उचल मात्र वाटून झाली होती. खोडवा जळाला तरी सोसायटीचे कर्ज डोक्यावर राहते, तसलीच ही गत.

आता आपल्या गावांकडे वळू. एका गावी आम्ही डोळ्यांनी पाहिले. छबिना लांबला, तमाशा उभा राहायला साडेदहा वाजले. रात्री दहानंतर कर्ण्याला कायद्याने बंदी. पोलिसांनी खेळ थांबवला. गण-गवळण कशीबशी झाली, वगाला तोंडच फुटले नाही. आणि सकाळी पंच म्हणाले, "वग झाला नाही, पैसे कापणार." चूक कुणाची अन् भुर्दंड कुणाला? आपल्या उसाला गाडी उशिरा आली आणि वजन घटले, तर आपण गप्प बसतो काय?

यात्रा कमिटीत आपले पुष्कळ सभासद असतात. त्यांना आमची विनंती अशी :

१. सुपारी ठरली की रक्कम, वेळ, विसार हे सारे कागदावर घ्यावे. दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात.

२. छबिना दिवस मावळताना काढावा. गण साडेसातला सुरू झाला, तर गवळण, बतावणी होऊन वगालाही वेळ मिळतो. पोलीस परवानगी व वेळेची सूट याची चौकशी आधीच करावी.

३. बायांना कपडे बदलण्यास आडोसा, पाणी व संडासाची सोय गावाने करावी. स्टेजवर चढणाऱ्याला गावानेच आवरावे.

४. सकाळची हजेरी आटोपली की बाकी चुकती करावी. फडाला पुढचे गाव गाठायचे असते.

५. जत्रेची तारीख गट ऑफिसला आधी कळवावी. तोडलेला ऊस रानात पडून राहिला, तर वजन आणि उतारा दोन्ही जातात. ट्रॉल्या मैदानाच्या वाटेवर उभ्या करू नयेत.

विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. २००२ साली त्या गेल्या, पण शेवटचे दिवस पैशाच्या ओढाताणीतच काढले. टाळ्या वाजवणारी गावे शेकड्यांनी होती. कलावंताचा मान हारतुऱ्यात नसतो, तो ठरलेली रक्कम वेळेवर हातात पडण्यात असतो. उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे आम्ही निराळे सांगायला नको.

जत्रा आनंदाने करा. सुपारी पुरती द्या.

— ऊस विकास अधिकारी