परवलीचा शब्द, प्रारंभीचा

परवलीचा शब्द, प्रारंभीचा : संगणक सुरू करताच, कार्यप्रणाली स्मृतीत उतरण्यापूर्वी, चालकाकडे मागितला जाणारा खुणेचा शब्द. पहाऱ्यावरील शिपायास सांगावयाच्या शब्दाची जुनी संज्ञा येथे रूढ झाली. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९६१ मध्ये प्रात्यक्षिक झालेल्या कालविभागणी प्रणालीत एकाच संगणकावर अनेकांच्या धारिका असल्याने असा शब्द आवश्यक ठरला. व्यक्तिगत संगणकात तो यंत्राच्या दारावरच आला.

हा शब्द मदरबोर्डावरील मूलभूत आज्ञावलीच्या (बायोस, अलीकडे यूईएफआय) ताब्यात असतो. म्हणून कार्यप्रणाली नव्याने बसवूनही तो जात नाही. जुन्या मेजी संगणकांत तो नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या विद्युत घटावर चालणाऱ्या स्मृतीत राही. घट काही वेळ काढून ठेवला की पुसला जाई. लॅपटॉप सहज चोरीस जाणारी वस्तू असल्याने अनेक निर्मात्यांनी त्यात शब्द विजेवाचूनही टिकणाऱ्या स्मृतीत ठेवला. तेथे हा जुना उपाय केल्यास बहुधा घड्याळ तेवढे चुकते. ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर, पुष्कळदा तीन, यंत्र थांबते. काही यंत्रे पडद्यावर क्रमांक दाखवितात. तो आणि मालकीचा पुरावा दिल्यावर निर्माता सोडवणुकीचा संकेत देतो. काहींच्या बाबतीत मदरबोर्ड बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

तथापि यंत्र अडले म्हणजे माहिती गेली असे नव्हे. साठवण तबकडी सुटी असल्यास ती दुसऱ्या संगणकास जोडून धारिका वाचता येतात. म्हणजेच हा शब्द यंत्राची राखण करतो, मजकुराची नव्हे. तबकडीस स्वतंत्र परवलीचा शब्द असल्यास किंवा ती कूटबद्ध असल्यास मात्र हा मार्ग बंद होतो. विंडोज व्हिस्टाबरोबर (२००७) आलेल्या बिटलॉकर पद्धतीत अशा वेळी ४८ अंकी पुनःप्राप्ती किल्ली लागते. तीही हरवल्यास व अन्यत्र प्रत नसल्यास मजकूर कायमचा जातो. ही किल्ली त्याच लॅपटॉपमध्ये जपून ठेवणारेही आढळतात.

महाराष्ट्रात संग्राम प्रकल्पाद्वारे २०११ पासून ग्रामपंचायतींत संगणक पोहोचले. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा, देवरी यांसारख्या जंगलव्याप्त तालुक्यांत, किंवा तेथील भातगिरण्यांच्या कचेऱ्यांत, यंत्र दुरुस्तीस नेणे म्हणजे दिवस मोडणे. शब्द एकट्या चालकास ठाऊक असला आणि तो काम सोडून गेला, की दाखले व हिशेब अडतात. शब्द मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखाकडे ठेवणे आणि चालक बदलताना तो बदलणे एवढी व्यवस्था याकरिता पुरते. [⟶ संगणक].