चालू करण्यापूर्वी वाचता येणारा कॅमेरा

बाहेरून १९७० ते १९८० च्या दशकांतील फिल्म कॅमेऱ्यासारखा दिसणारा, माथ्यावर आकडे कोरलेल्या धातूच्या चकत्या मिरवणारा आणि आत मात्र आजच्या पद्धतीचा संवेदक, म्हणजे प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणारी पट्टी, बाळगणारा डिजिटल कॅमेरा ‘रेट्रो’ या नावाने ओळखला जातो. त्याचे दोन प्रकार रूढ आहेत : ज्याचे भिंग कायमचे जोडलेले असते तो कॉम्पॅक्ट, आणि ज्याचे भिंग बदलता येते पण ज्यात जुन्या एसएलआरसारखा आरसा नसतो तो मिररलेस. वापरणाऱ्यांच्या मतांत या कॅमेऱ्यांविषयी जेवढी ओढ दिसते तेवढीच कुरकुरही दिसते. त्यातील कोणती गोष्ट यंत्राची आणि कोणती केवळ पेहरावाची, हे ठरवण्यासाठी कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यांसारखे ठिकाण दुकानाच्या काउंटरपेक्षा पुष्कळ अधिक उपयोगी पडते.

या घराण्याचा इतिहास फार लांब नाही. एप्सन कंपनीच्या २००४ मधील आर-डी१ या डिजिटल कॅमेऱ्यात प्रत्येक छायाचित्रापूर्वी शटर हाताने चढवावे लागे आणि उरलेल्या छायाचित्रांची संख्या घड्याळासारख्या काट्यावर दिसे. ऑलिंपसने २००९ मध्ये पेन ई-पी१ काढताना आपल्या १९५९ च्या पेन कॅमेऱ्याची आठवण जागवली. परंतु या रूपाला खरी बाजारपेठ मिळवून दिली ती फुजीफिल्मच्या एक्स१०० ने. सप्टेंबर २०१० मध्ये जर्मनीतील कोलोन येथील फोटोकिना प्रदर्शनात तो जाहीर झाला आणि पुढच्या वर्षी विक्रीस आला. त्याचे रूप सर्वांना आवडले, पण त्याचे स्वयंचलित फोकस इतके रेंगाळणारे होते की पुढे कंपनीने दिलेल्या सॉफ्टवेअर-सुधारणांनीच त्याची अब्रू राखली. निकॉनने २०१३ मध्ये डीएफ, २०२१ मध्ये झेड एफसी आणि २०२३ मध्ये झेड एफ आणला. शेवटच्या दोघांचा चेहरा १९८२ च्या एफएम२ वरून घेतलेला आहे.

चकत्यांचे महत्त्व समजण्यासाठी छायाचित्राचे गणित थोडे उलगडावे लागते. भिंगातील ज्या छिद्रातून प्रकाश आत येतो ते अ‍ॅपर्चर, तो प्रकाश जितका वेळ आत येऊ दिला जातो तो शटरचा वेग, आणि संवेदकाकडून मिळणारा संकेत किती वाढवून घ्यायचा ते आयएसओ. या तिन्हींचा मेळ बसला की छायाचित्र ना काळवंडते ना पांढरे पडते. सर्वसाधारण डिजिटल कॅमेऱ्यात हे तिन्ही आकडे पडद्यावर उमटतात, म्हणजे कॅमेरा चालू केल्याशिवाय आणि पडदा डोळ्यांपुढे धरल्याशिवाय ते कळत नाहीत. एक्स१०० च्या मालिकेत मात्र अ‍ॅपर्चरचे कडे भिंगाभोवती आणि शटरची चकती माथ्यावर असल्यामुळे, कॅमेरा बंद असतानाही तो कोणत्या अवस्थेत आहे हे एका नजरेत वाचता येते. नियमित वापरणारे या कॅमेऱ्याची जी स्तुती करतात, तिच्यातील सर्वांत टिकाऊ भाग हाच आहे, आणि दोषही येथेच उघडे पडतात. प्रकाश कमी-जास्त करणारी भरपाईची चकती पिशवीतून काढता-घालता आपोआप फिरते, ही जुनी तक्रार आहे. अलीकडच्या पिढ्यांत आयएसओची चकती शटरच्या चकतीच्या पोटात बसवली असून बाहेरचे कडे उचलून ती फिरवावी लागते. हे दिसायला देखणे असले तरी घाईच्या वेळी जाचकच ठरते. निकॉनच्या बाबतीत विसंगती आणखी ठळक आहे, कारण झेड एफ आणि झेड एफसी यांच्या माथ्यावर शटर व आयएसओ यांच्या चकत्या असल्या तरी त्यांच्याबरोबर दिल्या जाणाऱ्या जुन्या धाटणीच्या भिंगांवर अ‍ॅपर्चरचे आकडे नाहीत, ते एका इवल्या खिडकीत उमटतात. जुन्या भिंगाची खाचदार नक्षी ठेवून आकडे मात्र गाळायचे, याला सजावटच म्हणावे लागते.

यंत्र आणि पेहराव यांची पारख पितळखोऱ्यात होते. तिथली बौद्ध लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास सातमाळा डोंगरातील दरीत कोरली गेली. तेथील चैत्यगृहाचा दर्शनी भाग कोसळलेला असल्याने तोंडाशी दरीचा लख्ख उजेड, आत खांबांवरच्या रंगचित्रांचे उरलेले अंश आणि त्याहून आत दाट काळोख, असा प्रकाशाचा टोकाचा फरक एकाच चौकटीत येतो. पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित स्मारकांत तिपाई लावण्यास परवानगी लागते आणि रंगचित्रांवर फ्लॅश मारणे गैर, म्हणून कॅमेरा हातातच धरावा लागतो. एक्स१०० मालिकेतील २०२० च्या एक्स१००व्ही मध्ये हाताचा कंप शोषणारी यंत्रणा नव्हती. २०२४ च्या एक्स१००व्हीआय मध्ये ती संवेदकालाच जोडलेली असून कंपनी तिची क्षमता सहा टप्प्यांची सांगते, म्हणजे हिशेबाने शटर चौसष्ट पट अधिक वेळ उघडे ठेवता यावे. प्रत्यक्षात हाताची स्थिरता माणसागणिक बदलते, तरी लेण्यातल्या छायाचित्रासाठी हा फरक चकत्यांपेक्षा मोठा आहे. झेड एफसीत ही सोय नाही, झेड एफमध्ये आहे.

याच ठिकाणी एक्स१०० च्या दुहेरी व्ह्यूफाइंडरची मर्यादाही कळते. पुढच्या बाजूची कळ सरकवली की साध्या काचेतून दिसणारे दृश्य आणि इलेक्ट्रॉनिक दृश्य यांत अदलाबदल होते. काचेतून दिसणारी चौकट प्रसन्न असते आणि चौकटीबाहेरून आत येणारी व्यक्तीही दिसते. मात्र छायाचित्र किती उजळ येईल ते काच सांगत नाही, त्यामुळे चैत्यगृहात इलेक्ट्रॉनिक दृश्यच कामी येते.

रेट्रो कॅमेरा माणसाला सावकाश छायाचित्रे घ्यायला लावतो, असे मोठ्या आवडीने सांगितले जाते. सावकाशी म्हणजे काय, ते पितळखोऱ्याच्याच परिसराच्या इतिहासात नीट पाहायला मिळते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींसाठी १८४४ मध्ये नेमलेल्या मेजर रॉबर्ट गिल यांनी पुढे अजिंठा-वेरूळची छायाचित्रेही घेतली आणि ती १८६४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या काळी रूढ असलेल्या पद्धतीत काचेला रसायन लावून ती ओली असतानाच छायाचित्र घ्यावे आणि लगेच धुवावे लागे. कन्नडचा घाट उतरून लागणाऱ्या चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस यांनी मेजावर मांडलेल्या वस्तूंतून अख्खे देखावे उभे केले, आणि तेथेही धीर हा कामाचाच भाग होता. एक्स१००व्हीआय मात्र सेकंदाला अकरा छायाचित्रे घेऊ शकतो. सावकाशी वापरणाऱ्याच्या स्वभावात असली तर असते. चकती तिला फार तर निमित्त पुरवते.

बहुसंख्य ग्राहक चकत्यांपेक्षा रंगांवर भुलतात, हेही मान्य करायला हवे. फुजीफिल्मने आपल्या वेल्विया, प्रोव्हिया, अ‍ॅक्रॉस अशा फिल्मच्या नावांनी रंगछटांचे तयार साचे दिले आहेत, त्यामुळे संगणकावर संस्कार न करता छायाचित्र थेट मोबाइलवर घेता येते. समाजमाध्यमांवरील तरुणांमुळे २०२२ नंतर एक्स१००व्हीचा तुटवडा झाला आणि जुने कॅमेरे नव्यापेक्षा महाग विकले जाऊ लागले. एक्स१००व्हीआयची खास आवृत्ती तर कंपनीच्या स्थापनावर्षाच्या स्मरणार्थ नेमकी १,९३४ नगांची होती, हा व्यापाराचा डाव झाला, छायाचित्रणाशी त्याचा संबंध नाही.

उन्हाळ्यातल्या धुळीत एक्स१०० च्या शेवटच्या दोन पिढ्या तेव्हाच सुरक्षित मानल्या जातात, जेव्हा भिंगापुढे वेगळे विकत घ्यावे लागणारे कडे व फिल्टर बसवलेले असतात, आणि झेड एफचा सपाट पुढा मोठ्या भिंगासह धरताना पंजा अवघडतो, म्हणून वरून पकड जोडणारे अनेक आहेत. या तक्रारींच्या तुलनेत एक्स१०० चा एक गुण क्वचितच चर्चिला जातो. त्याचे शटर भिंगाच्या आतच पाकळ्यांसारखे उघडते, त्यामुळे वेगवान शटरलाही फ्लॅश जुळतो आणि अंगभूत काळसर फिल्टर लावला की भर दुपारच्या हळदीत मांडवाबाहेर उभ्या माणसांच्या चेहऱ्यांवरील सावल्या, मागचे आकाश न फिकटता, उजळता येतात. मात्र एकच रुंद भिंग असल्याने अंतरपाटाजवळचा नवरदेव लांबून टिपायचा असेल, तर छायाचित्रकाराला गर्दीत शिरण्यावाचून गत्यंतर नसते.