अनुदान कोणाला मिळाले, ते गावाला कळू द्या

ठिबक, अवजारे, फळबाग यांसाठी कोणाला किती अनुदान मिळाले, याची यादी उद्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली तर? कोणी म्हणेल, ‘उगाच भांडणं लागतील.’ दुसरा म्हणेल, ‘ज्यानं हात मारलाय तोच घाबरेल.’ शेतकरी बंधूंनो, हा वाद अमेरिकेत होऊन गेला आहे. त्यातून जे निघाले ते आपल्याही कामाचे आहे.

तिकडे काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. काउंटीच्या कृषी कार्यालयावर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली समिती असते. तरीही पैसे कोणाला गेले हे बाहेरच्यांना कळत नसे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ दैनिकाने कापसाच्या अनुदानाची नावे मागितली. कृषी खात्याने ‘ही खासगी बाब’ म्हणून नकार दिला. १९९६ साली कोर्टाने निकाल दिला, की पैसा जनतेचा आहे, नावे द्या. पुढे २००१ साली एका पर्यावरणवादी संस्थेने माहितीच्या कायद्याखाली नोंदी मिळवून काउंटीवार याद्या सर्वांसाठी खुल्या केल्या.

आता टेक्सासचे उदाहरण बघा. मेक्सिकोच्या आखाताच्या किनारपट्टीत भाताचा मोठा पट्टा आहे. १९९६ च्या कायद्यापासून तिथे अनुदान चालू पिकावर नव्हे, तर जमिनीच्या जुन्या पीकनोंदीवर मिळू लागले. पेरा किंवा पेरू नका, पैसे येणारच! एल कॅम्पो गावाजवळ भातजमिनीचे प्लॉट पडले, त्यावर घरे झाली, आणि भाताचे पैसे घरमालकांना मिळू लागले. २००६ साली त्याच दैनिकाने नोंदी तपासून सांगितले, की २००० सालापासून निदान १३० कोटी डॉलर शेती न करणाऱ्यांना गेले.

यात खोटी सही नव्हती, बनावट उतारा नव्हता. नियमच तसा होता. यादीचा खरा उपयोग इथे आहे. शेजारी चोर आहे का, एवढेच ती सांगत नाही. नियम कुठे फाटला आहे तेही दाखवते. २०१४ साली ती थेट रकमेची योजना बंद झाली. धान्याचे चढे भाव आणि सरकारी खर्चाची ओढाताण हीही कारणे होतीच, पण नावे झाकलेली असती तर हा प्रश्न इतका उघड झाला नसता.

युरोपात मात्र २०१० साली कोर्टाने सरसकट सर्व व्यक्तींची नावे छापण्याला हरकत घेतली. त्यानंतर वर्षाला १,२५० युरोपर्यंत मिळणाऱ्या लहान शेतकऱ्याचे नाव झाकायचे, असा मार्ग निघाला.

आपल्याकडे काय? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते, की अनुदान योजनांची रक्कम आणि लाभार्थींचा तपशील कार्यालयाने कोणी न मागता जाहीर करावा. पीएम-किसानमध्ये २०.४८ लाख अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेल्याचे २०२१ साली बाहेर आले, तेही माहिती अधिकाराच्या अर्जामुळेच. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद रुंदावली आहे. पण कलम ४ तसेच आहे, आणि व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची वाटही कायद्यात आहे.

तेव्हा येत्या ग्रामसभेत योजनावार यादी मागा. नाव, योजना, रक्कम एवढे पुरे. आधार किंवा बँक खात्याचा नंबर कोणाचाही लावू नये. ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी कार्यालयानेही हे ओझे समजू नये. यादी आधीच लागली, तर अर्जांचा ढीग आणि संशय दोन्ही कमी होतील.

आणि यादी वाचताना एक प्रश्न जरूर विचारा: पैसे सातबारावरच्या नावाला गेले, की जमीन कसणाऱ्या हाताला? टेक्सासचा घोळ नेमका तिथेच होता.